गळ्यातला फोन

पाटाचं पाणी आज आपल्या खाचराला येणार म्हणून सुप्रभा उजाडताच बांधावर येऊन बसली होती. पाणी आलं खरं, पण चिकट माणसाच्या हातून पैसा सुटावा तसं, थांबत थांबत आलं. तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, मोरीतला गाळ पायानंच बाजूला सारला आणि पाण्याला वाट करून दिली. पलीकडे भवानीच्या टोळीतल्या मजूर बाया भाताच्या तरव्यात उतरल्या होत्या. रोपं उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, मूठ बांधून मागं टाकायची, असा त्यांचा एकसारखा आवाज चालला होता.

तरव्याचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर ती रोपं लावून काही उपयोग नव्हता. तंजावरजवळच्या पापनाशमच्या आसपास सगळ्यांचीच लावणी एकदम आलेली, टोळी मिळता मिळत नव्हती. भवानी आली ती जुन्या ओळखीखातर, आणि सुप्रभाची मजुरी त्याच दिवशी, बाया बांधावर असतानाच मिळते म्हणून. पुढच्या आळीतले लोक आठ-आठ दिवस हेलपाटे घालायला लावायचे.

शेत खरं तर सूर्यनारायणचं. तो तंजावरच्या एका शाळेत गणिताचा मास्तर होता, आणि निवृत्त झाल्यावर शेतीच बघायची असं त्यानं ठरवलं होतं. पण मागे साऱ्या जगात साथ आली, तिच्या दुसऱ्या वर्षी तो आजारी पडला आणि वाचला तो अर्धा होऊनच. अंगणातून विहिरीपर्यंत गेला की धाप लागायची. मग सगळं शेतच सुप्रभाच्या गळ्यात पडलं आणि त्याच्या मागोमाग फोनही तिच्याच गळ्यात आला.

तो खरोखरीच गळ्यात असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीला बांधून. साथीच्या पहिल्या वर्षी बायांनी नोटांना हात लावायला नकार दिला होता. त्याआधी सुप्रभा मजुरी वरून त्यांच्या पदरात टाकायची. हाताला हात लागू द्यायचा नाही, हे तिला सासूनं शिकवलेलं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्या वर्षी मात्र भवानीच बांधावरून ओरडली होती, "अम्मा, तिथंच ठेवा आणि मागं सरा!" सुप्रभानं नोटा हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्या, तरी बाया घेईनात. शेवटी भवानीनं असा फोन घेतला आणि मजुरी कोइमतूरहून लेक, रम्या, पाठवायला लागली. मग दुसऱ्या वर्षी रम्यानं आईला फोनवरूनच फोन शिकवला. तेव्हापासून सुप्रभा बांधावर उभी राहून बोट दाबायची, भवानीचा फोन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम बोलायचा आणि बाया घरी जायच्या. साथ गेली, पण ही रीत राहिली. आता तर भाताचे पैसेही सरकारी खरेदी केंद्रातून थेट खात्यात यायचे. घरात नोट म्हणून शोधली असती तर देवापुढच्या ताटलीत सापडली असती, तेवढीच.

फोन वाजला तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. नंबर अनोळखी. पलीकडून कुणीतरी हिंदीत फडाफडा बोलायला लागलं. सुप्रभाला हिंदी टीव्हीपुरतंही येत नव्हतं. ती फोन ठेवणार, एवढ्यात तिच्या तोंडून वैतागानं निघून गेलं, "काय पिडा आहे सकाळीं सकाळीं, कोण कीं बाई!"

पलीकडचा माणूस थांबला. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "अहो ताई, तुम्ही मराठी?"

सुप्रभाच्या अंगावर काटाच आला. पन्नाशी उलटली होती तिची. या आयुष्यात अनोळखी माणूस तिच्याशी मराठीत बोलला असं कधी झालंच नव्हतं. मराठी म्हणजे घर. नवरा, लेक, दीर-जावा, तंजावरच्या लग्नामुंजीत भेटणारे नातलग. घराचा उंबरा ओलांडला की तमिळ. मराठी बोलणारा माणूस परका असू शकतो, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"होय कीं," ती हरखून म्हणाली. "आम्ही तंजावरचे मराठी. तुम्हीं कोण म्हणायचे?"

"मी साळवी. मुंबईहून, पोलीस खात्यातून बोलतोय. ताई, बरं झालं तुम्ही आपल्या निघालात. दुसरं कुणी असतं तर मी सरळ तिकडच्या ठाण्याला कळवून मोकळा झालो असतो. आजूबाजूला कोण आहे?"

"बाया आहेंत. लावणी चालली आहे."

"त्यांच्यापासून जरा लांब या."

ती बांधावरून चालत नारळीखाली गेली. माणसानं तिला चेहरा दिसेल असा व्हिडिओ फोन लावायला सांगितलं. पडद्यावर खाकी कपड्यातला एक माणूस दिसला. मागं भिंतीवर काहीतरी चिन्ह, टेबलावर कागदांचा ढीग. चेहरा तरुण होता, भांग नीट पाडलेला. सुप्रभानं आपसूक पदर डोक्यावर घेतला.

"ताई, साथीच्या काळात, दुसऱ्या वर्षी, तुमच्या खात्यातून एका अनोळखी नंबरला पैसे गेलेत. दवाखान्याच्या कामासाठी. आठवतं?"

सुप्रभानं पदराचं टोक तोंडाशी नेलं. 

"आठवतंय ना? मग खोटं बोलू नका. ती औषधांची चोरटी टोळी होती. तुमचं नाव त्यांच्याबरोबर लागलंय."

ज्यानं त्या वर्षी फोनवरून पैसे पाठवले नाहीत असा माणूस शोधून सापडला नसता. हे सुप्रभाला एरवी सहज सुचलं असतं. पण तिला आठवत होती ती एकच दुपार. सूर्यनारायण तंजावरच्या एका दवाखान्यात नळ्या लावून पडलेला. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलेलं आणि ते कुठंच मिळत नव्हतं. मागच्या फाटकाशी वॉर्डातलाच एक माणूस आला, सदऱ्याआडून पाकीट दाखवलं आणि नोटा नको म्हणाला. नोटेला कोण हात लावणार तेव्हा! त्यानं एक नंबर सांगितला. सुप्रभानं आयुष्यात फोनवरून दिलेले पहिले पैसे ते. भवानीची मजुरीसुद्धा तोवर रम्याच कोइमतूरहून पाठवायची.

सूर्यनारायणला हे माहीत नव्हतं. शाळेत परीक्षेला कॉपी करताना पकडलेल्या पोरासाठी त्याचा बाप घरी फणस घेऊन आला, तर यानं फणस बापाच्या डोक्यावर परत ठेवून त्याला वाटेला लावला होता. अशा माणसाला कसं सांगायचं, की तुमचा जीव मी चोरांकडून विकत आणला? ती बोलली नाही. पण कधी फोनवर जुने व्यवहार खाली खाली जात, आणि त्या दिवशी पैसे घेणाऱ्याचं नाव अजून तिथंच असे. नोट दिली असती तर ती कधीच कुठल्या कुठं गेली असती. फोन मात्र काही विसरत नव्हता.

"होय," ती म्हणाली. "दिले मी. पण माझा नवरा मरत होता हो."

"मला कळतं ताई. म्हणून तर मी तुम्हाला वाचवायला बघतोय. पण फोन आता ठेवायचा नाही. चौकशी संपेपर्यंत तुम्ही माझ्या ताब्यात आहात असं समजा. ठेवलात, तर संध्याकाळच्या आत तिकडचे पोलीस दारात. यजमान कुठं आहेत?"

"घरीं. छाती चालत नाहीं त्यांची."

"मग त्यांना अजिबात सांगू नका. त्यांच्यासाठीच झालं सगळं, म्हणजे तेही आरोपी. झेपेल का त्यांना?"

आपणच त्याच्या हातात काय दिलं हे सुप्रभाला कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की हा माणूस आपल्या नवऱ्याची काळजी करतो आहे. तिचे डोळे भरून आले.

"घरात जाऊन बसा," तो म्हणाला.

"घरीं गेलें तर ते विचारतील. आणि पाणी आलें आहे, बाया उतरल्यात. मी हललें तर भवानी हाका मारील."

तो जरा घुटमळला. "बरं. फोन गळ्यात राहू द्या, चालू. बायांशी कामापुरतं बोला. माझ्या शेजारी तमिळ जाणणारे साहेब बसलेत. एक शब्द जास्त बोललात तर मला कळेल."

अशा रीतीनं सुप्रभा गळ्यात तो माणूस अडकवून खाचरावर परत आली.

बायांनी एव्हाना मुठी आणून चिखलात टाकल्या होत्या. ओळीनं वाकून त्या मागं मागं सरकत होत्या. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताची बोटं चिखलात जात आणि रोप ठेवून बाहेर येत. सुप्रभाचं काम पाणी बघायचं, मुठी पुरवायचं आणि रिकाम्या जागा दाखवायचं. ती मुठी उचलायला वाकली की फोन लोंबकळून पुढं यायचा, आणि त्यातून आवाज यायचा, "ताई, चेहरा दिसत नाही." मग ती सरळ व्हायची. भिजलेल्या मुठींचं पाणी कोपरावरून पोटावर ओघळत होतं. ती पुन्हा वाकायची, पुन्हा आवाज यायचा.

"अम्मा आज कुणाला खाचर दाखवतायत?" एक बाई हसून म्हणाली.

"जावई शोधत असतील रम्यासाठी," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

सुप्रभाही हसली. ते हसू तिनं कुठून आणलं तिलाच ठाऊक. शेजारच्या त्या न दिसणाऱ्या साहेबानं ही थट्टा ऐकली असेल का, रम्याचं नाव ऐकलं असेल का, या विचारानं तिनं पुढच्या मुठी भराभर फेकल्या. ऊन डोक्यावर चढत होतं. चिखलाचा वास, बायांच्या तोंडातल्या पानाचा वास आणि आपल्याच घामाचा वास तिला सहन होईना.

मध्येच रम्याचा फोन आला. पडद्याच्या वरच्या कडेला नाव चमकलं.

"कोण?" साळवीनं विचारलं.

"माझी लेक."

"कट करा."

तिनं कट केला. लेकीचा फोन तिनं याआधी कधी कट केला नव्हता. भर लावणीत, हात चिखलात असतानाही ती कोपरानं दाबून बोलायची. रम्यानं पुन्हा केला. तिनं पुन्हा कट केला. मग तो आला नाही, आणि तो आला नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तिला लघवीला जायचं होतं. बराच वेळ ती दम धरून राहिली. मग लाज गिळून तिनं विचारलं. आपल्या लेकीच्या वयाच्या पुरुषाला हे विचारायची वेळ यावी! तो म्हणाला, "जा, पण फोन बरोबर. कॅमेरा बंद करायचा नाही." ती पंपाच्या खोलीमागं गेली. भिंतीला खिळा होता, त्याला तिनं फोन अडकवला, तोंड शेताकडे करून. ती पदर सावरून बसणार, एवढ्यात मागून आवाज आला, "ताई, तुम्ही दिसत नाही आहात. फोन फिरवा." ती ताडकन उठली. फोन पुन्हा गळ्यात घालून तशीच परत आली. ओटीपोटात कळ येत होती. बांधावर चालताना तिला वाटलं, आता इथंच, सगळ्यांसमोर साडी भिजते की काय.

दुपारी बाया जेवायला बसल्या. सुप्रभा नारळीखाली एकटीच बसली. तिच्या डब्यात दहीभात होता, तो तिनं उघडलाही नाही. साळवीचा आवाज आता गोड राहिला नव्हता. तिच्या खात्यातला पैसा चोरीचा नाही हे ठरवायला तो सरकारी खात्यात पाठवून तपासावा लागेल, तपास झाला की परत मिळेल, असं तो म्हणाला. एका वेळी जेवढे जातील तेवढे आत्ता, उरलेले संध्याकाळी.

"सगळे?" तिनं विचारलं. "ते हंगामाचे आहेंत. खत, मजुरी, त्यांचें औषध, सगळें त्यांतच."

"ताई, तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगतोय. तुरुंगात मजुरी लागत नाही."

पूर्वी एवढे पैसे काढायचे म्हणजे पापनाशमला बसनं जायचं, रांगेत उभं राहायचं. खिडकीतला माणूस ओळखीचा. 'काय मामी, लग्न काढलंत का कुणाचं?' एवढं तरी त्यानं विचारलंच असतं. साथीत ती रांग सुटली तेव्हा सुप्रभाला किती बरं वाटलं होतं! आता नारळीखाली तिला अडवून विचारायला चिटपाखरू नव्हतं. तिचा अंगठा चिखलानं बरबटला होता. तिनं तो साडीला पुसला, आकडे दाबले, गुपित नंबर दाबला. गोल फिरलं, बरोबरची हिरवी खूण आली. निम्म्याहून जास्त पैसे गेले. एक रोप उपटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"शाब्बास ताई," साळवी म्हणाला.

त्या 'शाब्बास'नंतर तिनं अंगठा पुन्हा साडीला पुसला. मनात कुठंतरी तिला कळलं होतं, की हे बरोबर नाही. पण कळणं वेगळं आणि फोन बंद करणं वेगळं. फोन बंद केला आणि तो खरा निघाला तर? संध्याकाळी ओट्यावर पोलीस उभे राहिले, शेजारीपाजारी बघत राहिले आणि सूर्यनारायणनं विचारलं, 'सुप्रभा, हे म्हणतात तें खरें?' तर ती काय म्हणणार होती? कारण ते खरंच होतं. ती त्या माणसाला घाबरत होती त्याहून त्या प्रश्नाला घाबरत होती.

उन्हं उतरली तेव्हा शेवटच्या खाचरातही रोपं उभी राहिली होती. वाऱ्यानं ती एका अंगावर कलत होती, उद्यापर्यंत धरतील. बायांनी पाटात पाय धुतले, कमरा सरळ केल्या आणि नेहमीसारख्या बांधावर येऊन बसल्या. भवानीनं आपला फोन काढून पदरानं पुसला. सुप्रभानं पिशवीतून फोन काढला.

"काय करताय?" आतून आवाज आला.

"मजुरी देतें."

"एक पैसाही हलवायचा नाही. आधी उरलेले इकडे पाठवायचे."

"अहो, बाया बसल्यात. उन्हांत राबल्यात दिवसभर."

"ताई, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

अशी तिच्यावर सासूही कधी ओरडली नव्हती.  ती भवानीकडे वळली आणि तमिळमध्ये म्हणाली, "फोनला काहीतरी झालंय. घरी जाऊन पाठवते."

 बायांनी एकमेकींकडे बघितलं. पुढच्या आळीतले लोकही असंच म्हणायचे. सुप्रभा मान खाली घालून निघाली. पाठीवर त्यांच्या नजरा जाणवत होत्या.

सूर्यनारायण ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. "झाली लावणी?" त्यानं मराठीत विचारलं. ती नुसतीच मान हलवून आत गेली. आधी न्हाणीघरात शिरली. फोन दाराबाहेर ठेवून, तो ओरडत असतानाच ती मोकळी झाली, आणि भिंतीला टेकून हुंदका दाबत राहिली. बाहेर आली तर साळवी तापला होता. शेवटची दहा मिनिटं देतो, असं तो म्हणाला.

तेवढ्यात भवानी आली. ती अंगणातच, पायरीच्या खाली उभी राहिली. मागं फाटकाशी बाया होत्या. सुप्रभा फोन हातात घेऊन ओट्यावर गेली.

"अम्मा," भवानी म्हणाली, "पैसे नसतील तर नाही म्हणा. पण या बाया मला सोडणार नाहीत. मी तुमच्या नावावर यांना आणलंय. उद्यापासून कुणाच्या शेतावर कुठल्या तोंडानं नेऊ?"

"ती काय म्हणतेय?" फोनमधून आवाज आला.

सुप्रभा थबकली. सकाळपासून तमिळ जाणणारे साहेब त्याच्या शेजारी बसले होते. मग हा तिला का विचारत होता?

 खोटं तिला कधी सहज जमलं नव्हतं, पण आता ती हळूच म्हणाली, "म्हणते, दहीं पायजे थोडें. देतें आणि लावतें वाटेला."

"द्या लवकर," साळवी म्हणाला.

त्याला काही कळलं नव्हतं. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं, किंवा असलं तर आता उठून गेलं होतं. दिवसभर ती अशा माणसांत उभी होती ज्यांना ती काहीही सांगू शकत होती आणि याला कळलं नसतं. आणि दिवसभर ती गप्प राहिली होती. तरीही तिची भीती गेली नाही. पोलिसाला तमिळ येत नसलं म्हणून तो खोटाच कशावरून? पण समोर भवानी उभी होती, आणि खुर्चीत तो बसला होता ज्याच्यापासून ती चार वर्षं लपवत आली होती.

तिनं फोन ओट्यावर उताणा ठेवला, पडद्यात छतच दिसेल असा. आणि नवऱ्याकडे वळून, तमिळ घरातल्या बायका नवऱ्याला हाक मारतात तशी हाक मारली, "एन्नंग."

सूर्यनारायण दचकला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. या घरात ती त्याच्याशी तमिळमध्ये कधी बोलली नव्हती. भांडणातही नाही.

"दचकू नका," ती तमिळमध्येच, भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात म्हणाली. "माझ्याकडे बघू नका, फोनकडे बघू नका. मराठीत एक शब्द बोलू नका. फोनमधला माणूस पोलीस म्हणतो. सकाळपासून मला धरून ठेवलंय. दुपारी मी निम्म्याहून जास्त पैसे पाठवले त्याला. उरलेले मागतोय."

सूर्यनारायणचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. "का पाठवलेस?" त्यानंही तमिळमध्येच विचारलं. मास्तराचं शुद्ध, पुस्तकी तमिळ.

"कारण तो म्हणतो ते खरं आहे. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाचं ते इंजेक्शन मी चोरून विकत घेतलं होतं. मागच्या फाटकावर. फोनवरून पैसे दिले."

भवानी पायरीखाली उभी राहून सगळं ऐकत होती. सुप्रभाला त्याचं भान होतं, पण आता थांबता येत नव्हतं.

"ताई, कुणाशी बोलताय? पुरुषाचा आवाज कुणाचा?" साळवी ओरडला. "मराठीत बोला! मराठीत बोला म्हणतो ना!"

सूर्यनारायण उठला. दोन पावलांवर फोन होता, तेवढ्यालाही त्याला श्वास घ्यावा लागला. त्यानं वाकून लाल खुणेवर बोट ठेवलं. आवाज तुटला. अंगणात एकदम इतकं शांत झालं, की फाटकाशी उभ्या बायांची कुजबुज ऐकू यायला लागली.

लगेच फोन वाजला. कुणी उचलला नाही. थांबला, पुन्हा वाजला.  वाजता वाजता मध्ये उसंत मिळाली, तेव्हा सूर्यनारायणनं फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी त्यांची मजुरी दे." तिनं आकडे दाबले. भवानीच्या फोननं खणखणीत आवाजात रक्कम सांगितली. फाटकाशी कुणीतरी सुस्कारा सोडला.

भवानी जाता जाता वळली. "अम्मा, माझ्या बहिणीला पण असाच आला होता फोन. ती तर रडून रडून..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्या बहिणीनं पैसे दिले की नाही, हे विचारायचं धाडस सुप्रभाला झालं नाही. बाया गेल्या.

सूर्यनारायणनं रम्याला कळवलं. ती तिकडून तक्रार करणार होती. गेलेले परत मिळतील का, हे तिलाही सांगता आलं नाही. "दार लावून घ्या, फोन बंद ठेवा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. त्यांनी दार लावलं. रस्त्यावरून मोपेड गेली तरी सुप्रभा कान टवकारत होती. तो खोटा होता, हे आता सगळे म्हणत होते. पण आपण केलं ते खोटं नव्हतं. पोलीस आज आले नाहीत म्हणजे कधीच येणार नाहीत, असं थोडंच आहे?

ती जमिनीवर बसली होती. पायावरचा चिखल वाळून तडकला होता, तो धुवायचं तिला सुचलं नव्हतं.  सूर्यनारायण रागावेल, ताट भिरकावील, निदान तोंड फिरवील, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"ते कुणाचं होतं?" त्यानं विचारलं. अजून तमिळमध्येच.

"काय?"

"इंजेक्शन. ते दुकानातलं नव्हतं. कुणाच्या तरी नावावर आलेलं असणार. कुणाचं होतं?"

हा प्रश्न त्या पोलिसानं दिवसभरात विचारला नव्हता. सुप्रभानं स्वतःलाही कधी विचारू दिला नव्हता.

"नाव नव्हतं," ती म्हणाली. "पाकिटावर चिकटपट्टी होती. खाटेचा नंबर होता. मी ती नखानं खरवडून काढली."

"किती नंबर?"

तिनं सांगितला. तिला वाटलं होतं आपण विसरलो असू. पण तोंडातून तो लगेच आला.

सूर्यनारायणनं डोळे मिटले. त्या वॉर्डात दिवस आणि रात्र कळायची नाही. मान वळवता यायची ती एकाच बाजूला. त्या बाजूच्या लोखंडी खाटेवर रंगानं लिहिलेला आकडा त्यानं ताप चढत-उतरत असताना वाचून वाचून पाठ केला होता.

"माझ्या शेजारचा," तो म्हणाला. "गणेशकुमार. ओरत्तनाडूचा. ट्रॅक्टर चालवायचा. दोन लहान पोरी होत्या त्याला. मला म्हणायचा, सार, बघा, तुमच्या आधी मी घरी जाणार." त्याला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तो थांबला. "एका सकाळी जाग आली तर खाट रिकामी होती. मला वाटलं, घरी गेला. मी किती दिवस त्याचा हेवा केला."

 बंद फोन दोघांच्या मध्ये जमिनीवर पडला होता. ऐकणारं आता कुणी नव्हतं. तरी दोघांपैकी कुणीही मराठीवर आलं नाही.